शिओबानचे शुद्धिपत्रक

दस्तगीर मुजावरचे पत्र येऊन दोन वर्षे होत आली, तरी यशवंत हेर्लेकरांनी त्याला उत्तर दिले नव्हते. पत्र हरवले असते तर मनाला निदान सबब मिळाली असती. पण ते लग्नकार्याला घालायच्या करड्या कोटाच्या आतल्या खिशात चार घड्या होऊन बसले होते, आणि कोट अंगात चढवला की छातीशी कागद करकरायचा. म्हणून अलीकडे कोणाच्या लग्नाला जायचे झाले की हेर्लेकर शाल पांघरून जात.

पत्र त्यांना पाठ होते.

‘मास्तर, सलाम. मी आता मंडळात येणार नाही, राग मानू नका. तुमचं छापील शुद्धिपत्रक मिळालं. सगळं वाचलं. एकसष्ट जागी माझं नाव आहे. मास्तर, आमच्या अब्बांचं विसरणं असंच सुरू झालं होतं. आधी नसलेलं बघायचे, मग असलेलं विसरायचे. मी मागावरचा जॉबर. चालू मागात हात घालायचं काम माझं. डोक्याचा भरवसा नसेल तर तिथं हात घालून चालत नाही. म्हणून एकच विचारतो. शेवटच्या भागात नागीनं खडा जिभेवर ठेवला का? मी बघितलंय. तुम्ही नाही म्हणालात तर नाही. होय की नाही एवढंच लिहा. खाली जागा सोडली आहे.’

खाली खरोखरच चार बोटे कोरी जागा होती.

हेर्लेकरांनी चाळीस वर्षे कोल्हापूरच्या एका छापखान्यात मुद्रिते तपासली होती. दुसऱ्यांच्या लक्षावधी शब्दांवर त्यांनी लाल शाईने खुणा केल्या होत्या. हा एक शब्द मात्र त्यांच्याने लिहवला नाही.

हा सगळा प्रपंच एका जपानी ॲनिमे चित्रमालिकेपायी झाला होता. मालिकेचे नाव ‘शिओबान’, म्हणजे मिठाची राखण करणारी. त्या गोष्टीतल्या समुद्रकाठच्या गावात माणूस गेले की त्याच्या आठवणी मिठाच्या खड्यात गोठवून ठेवत, आणि खड्यांचे कोठार सांभाळायला नागी नावाची सोळा वर्षांची मुलगी होती. दरसाल भरती थोडी वर चढे आणि कोठाराच्या भिंतीला लागे. चोवीस भागांत मालिका एकच प्रश्न उलटसुलट करून विचारत होती: खडा विरघळला, तर ते माणूस या जगात होऊन गेले असे म्हणायचे की नाही?

इचलकरंजीत या प्रश्नाने चार माणसे एकत्र आणली. सूत तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणारा प्रज्वल अकिवाटे, वय सव्वीस. दातांच्या डॉक्टर तृप्ती मगदूम. यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर दस्तगीर, साठीला टेकलेला. आणि सत्तरी ओलांडलेले हेर्लेकर, ज्यांना प्रज्वलने वाचनालयातल्या तत्त्वज्ञानाच्या कपाटापाशी हेरले होते. दर रविवारी सकाळी तृप्तीच्या बंद दवाखान्यात, जबड्याच्या मोठ्या चित्राखाली, यांचे मंडळ भरे.

“खडा विरघळला म्हणजे माहिती गेली,” प्रज्वल म्हणायचा. “माहिती गेली म्हणजे माणूस गेला. असला काय, नसला काय.”

“आरं, कापडाच्या चिंध्या झाल्या म्हणून ते इणलंच न्हवतं व्हय?” दस्तगीर विचारी.

“चिंध्या तरी उरतात ना, चाचा! इथं सगळंच पाण्यात.”

“मग ते पाणी खारट हुतं का न्हाई?”

“प्रज्वल, गप बस आता,” तृप्ती हसत म्हणे. “जॉबरनं तुझा धागा तोडला.”

हेर्लेकर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून वहीत लिहून घेत. आपण बोललो तर काहीतरी चुकीचे बोलू, अशी धास्ती त्यांना लहानपणापासून होती. दस्तगीरचे बोलणे त्यांना मनापासून आवडे. एकदा परतीच्या वाटेवर त्यांनी तसे सांगितलेही, तेव्हा दस्तगीर म्हणाला होता, “मास्तर, मी नुसतं बडबडतो. ध्यानात ठेवायला तुमी हाय म्हणून.”

आणि ध्यानात ठेवणे गरजेचे होते, कारण शिओबानचा प्रत्येक भाग एकदाच दिसे. शुक्रवारी संध्याकाळी घरच्या पडद्यावर तो उमटे आणि पुन्हा लावता येत नसे. आठवण हा मालिकेचा विषय, तेव्हा प्रेक्षकानेही ती आठवणीतच जपावी, असे निर्मात्या कंपनीचे म्हणणे. जगभरच्या चाहत्यांनी या कल्पनेचे कौतुक केले. मग आठवणींत फरक पडू लागले. एकाला दार निळे आठवे, दुसऱ्याला हिरवे. हेर्लेकरांमधला मुद्रितशोधक अस्वस्थ झाला. त्यांनी एक शुद्धिपत्रक सुरू केले. डावीकडे ‘अशुद्ध’, उजवीकडे ‘शुद्ध’, आणि अशुद्धापुढे ज्याची चूक त्याचे नाव. बहुमताला जे आठवे ते शुद्ध. छापखान्यातही दोन प्रती जुळल्या की तिसरी दुरुस्त करायची, हीच रीत होती.

शेवटच्या भागानंतरचा रविवार मंडळात गाजला.

“काय सोडला तिनं तो खडा!” प्रज्वल दारातूनच बोलत आला. “बांधावर उभी राहते, मुठीत आईचा खडा, लाट येते, मूठ उघडते... रडलो राव मी.”

“हो,” तृप्ती जरा थांबून म्हणाली. “समुद्रातच.”

दस्तगीर दोघांकडे पाहत राहिला. “सोडला? कुटं सोडला? जिभंवर ठेवला की तिनं. डोळं मिटून. आईचं मीठ खाल्लं पोरीनं.”

“चाचा, उपाशी बसला होता का टीव्हीपुढं?”

सगळे हसले. दस्तगीरही हसला, मग हेर्लेकरांकडे वळला. “मास्तर, तुमी सांगा.”

हेर्लेकरांनी यातले काहीच पाहिले नव्हते. त्यांच्या नागीने खडा बराच वेळ न्याहाळला, पोशाखाच्या खिशात टाकला, खिशाचे बटण लावले आणि ती घरी निघून गेली. एवढा गाजावाजा करून असा शेवट कोण करील? आपला डोळा लागला असणार, त्यांना वाटले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब घातले होते, त्याने धूसर दिसले असेल.

“समुद्रात,” ते हळूच म्हणाले.

नोंद क्रमांक दोनशे चौदा. अशुद्ध: नागी खडा जिभेवर ठेवते (दस्तगीर). शुद्ध: नागी खडा समुद्रात सोडते. महिन्याभरात शुद्धिपत्रक छापून झाले, चौघांना वाटले गेले, आणि आठवड्याने ते पत्र आले. होय लिहावे तर तीन माणसांनी मान्य केलेली छापील नोंद खोटी ठरते. नाही लिहावे तर आपण तरी कुठे काय पाहिले? उद्या लिहू म्हणत हेर्लेकरांनी पत्र खिशात ठेवले. पुढे दस्तगीर लेकीकडे मालेगावला राहायला गेल्याचे कानावर आले. तिथेही मागच आहेत, त्याचे बरे चालले असेल, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

आणि मग एका बुधवारी प्रज्वलचा फोन आला.

“काका, पेपर वाचलात?”

“अजून नाही. का रे?”

“बसून वाचा. पान सात. आधी बसा पण.”

परदेशातल्या एका न्यायालयापुढे शिओबानच्या कंपनीला कबुली द्यावी लागली होती. मालिका चित्रांच्या रूपात कधी पाठवलीच जात नव्हती. घरोघर जाई तो फक्त सांगाडा: प्रसंगांचा क्रम, पात्रांचे चेहरे, आवाज. चित्रे प्रत्येक घरचा पडदा स्वतः रेखाटे. पडद्याच्या वरच्या कडेला डाळीएवढा एक डोळा होता. उजेडानुसार पडदा मंद करायला तो आहे, असे विकताना सांगितले जाई. तो प्रेक्षकाची बुबुळे पाही. पापणी कितीदा लवते ते टिपी. नाडीच्या ठोक्यासरशी चेहऱ्याच्या कातडीचा रंग माणसाच्या नजरेला कळणार नाही इतका बदलतो, तोही त्याला कळे. पुढच्या क्षणाची तीन-चार चित्रे यंत्र आधीच तयार ठेवी, आणि ज्यावर या माणसाची नजर ठरेल असे त्याला वाटे, तेच पडद्यावर येई. ते चित्र सुखाचे असो की भीतीचे, यंत्राला देणेघेणे नव्हते. नजर ढळता कामा नये, एवढेच ते शिकले होते.

गोष्टीचा मोठा रस्ता सगळ्यांना एकच होता. वळणावळणावर बारीक फरक पडत, आणि चोवीस भागांत ते साचत गेले. बातमीच्या शेवटी लिहिले होते की प्रत्येक पडद्यात त्या घरापुरती रेखाटलेली प्रत बंद कप्प्यात पडून आहे, आणि न्यायालयाच्या आदेशाने ते कप्पे आता खुले झाले आहेत.

हेर्लेकरांनी बातमी तीनदा वाचली. त्यांना तहान लागली होती, पण उठून पाण्याच्या भांड्यापर्यंत जाण्याचे भान राहिले नाही.

रविवारी दवाखान्यात तिघांनी आपापले पडदे चटईसारखे गुंडाळून आणले आणि जबड्याच्या चित्राशेजारी भिंतीवर ओळीने लटकवले. प्रज्वलने तिन्हींवर शेवटचा भाग एकदमच सुरू केला. बराच वेळ तीन नागी एकाच चालीने बांधावरून चालत होत्या. तिघींचे केस एकाच वाऱ्याने उडत होते. मग त्या थांबल्या.

प्रज्वलच्या नागीने मूठ उघडली आणि खडा लाटेत सोडला.

तृप्तीच्या नागीने मूठ उघडली. मुठीत काहीच नव्हते. खडा कधीच विरघळून गेला होता, बोटांच्या फटीतून पाणी ओघळत होते.

“डॉक्टर,” प्रज्वलचा आवाज चिरकला, “तुम्ही तर समुद्रात म्हणाला होता!”

“तू म्हणालास म्हणून!” तृप्ती त्याच्याकडे वळली. “तू इतका खात्रीने बोलत आलास... मला वाटलं, तो सोडतानाचा क्षण माझ्याकडून निसटला असेल.”

मग दोघांनी तिसऱ्या पडद्याकडे पाहिले. हेर्लेकरांची नागी खिशाचे बटण लावत होती. ती वळली आणि घरच्या वाटेला लागली. मागे समुद्र तसाच.

तीन माणसांचे बहुमत म्हणून जे छापले, ते एकट्या प्रज्वलच्या पडद्यावर झाले होते. दुसरीने त्याचे ऐकले आणि तिसऱ्याने त्या दोघांचे.

“काका, तुम्ही हे बघितलं होतं? आणि बोलला नाहीत?”

हेर्लेकरांनी टेबलावरच्या शुद्धिपत्रकाकडे नुसते बोट दाखवले.

प्रज्वलने ते ओढले आणि भराभर पाने उलटू लागला. “म्हणजे ही डावी बाजू... ह्यात एकही चूक नाही. ज्याच्या त्याच्या पडद्यावर हे खरंच झालंय. यंत्रानं ज्याच्या त्याच्या मनातलं हेरलेलं, जे सांगायला कुणी धजणार नाही, ते सगळं नावानिशी छापलंय आपण! हे बघा, नोंद नव्वद. ‘नववा भाग, शेजारच्या खोलीत तान्हे मूल रडते, तृप्ती.’ आम्ही किती चिडवलं होतं...”

“ते बंद कर,” तृप्ती म्हणाली.

“नाही, मी म्हणतोय काय, यंत्रानं तुमच्यासाठीच ते...”

“प्रज्वल, बंद कर ते.”

त्याने पान मिटले. तृप्ती आत गेली आणि बराच वेळ नळ चालू असल्याचा आवाज येत राहिला. तिला मूलबाळ नव्हते, एवढेच त्या दोघांना ठाऊक होते.

घरी आल्यावर हेर्लेकरांनी दस्तगीरच्या जुन्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडून बाईचा आवाज आला.

“मी त्यांची मुलगी, शबाना. आपण कोण?”

“मी... इचलकरंजीहून, हेर्लेकर.”

“मास्तर?”

“हो. दस्तगीर आहेत का? बरे आहेत ना?”

“आहेत. फोन घेत नाहीत ते. म्हणतात, ऐकलेलं मागाहून माझ्या ध्यानात राहणार नाही, कागदावर द्या.” ती सावकाश बोलत होती, खूप दिवस बोलायचे राहून गेल्यासारखी. “इथं त्यांना मागावर घेत होते, मास्तर. नाही म्हणाले. माझं डोकं गेलंय, म्हणाले. दोन डॉक्टरांना दाखवलं. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. तरी घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावतात. हळद, मीठ, साखर. मीठ चाखून बघतात आणि मला विचारतात, हे मीठच ना गं? रस्ता ओलांडायचा तर विचारतात, गाडी येतीय का, तुला पण दिसतीय का?”

“ती बातमी...” हेर्लेकर घाईने म्हणाले. “पेपरात आलंय, त्या मालिकेबद्दल...”

“वाचून दाखवली की. म्हणाले, ते जगाबद्दल लिहितायत, माझ्याबद्दल थोडंच? मास्तरांनी माझं नाव घालून छापलंय. छापलेलं खोटं असतं व्हय? त्यांचा पडदा आहे माझ्याकडं. लावते म्हटलं, तर हात धरला माझा. पुन्हा नसलेलंच दिसेल म्हणाले. मास्तरांचं पत्र येऊ दे, मग बघीन.”

“माझं पत्र?”

“दोन वर्षं झाली. पोस्टमनची वेळ झाली की ओट्यावर जाऊन बसतात. तेवढं बरं ध्यानात राहतं त्यांच्या.”

हेर्लेकरांनी फोन ठेवला. एका शब्दाचे उत्तर न देणे म्हणजे काहीच न करणे, असे ते दोन वर्षे धरून चालले होते. त्यांनी हात लावला नव्हता आणि एक चालता माग बंद पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात त्यांनी कंपनीचा धिक्कार केला, पडद्यावरच्या डोळ्याची सगळी करामत समजावली, बातमीचे कात्रण जोडले. मजकूर मुद्देसूद उतरला होता. पाकिटाचे तोंड चिकटवून ते चौकातल्या पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलेही. पाकीट फटीत अर्धे सरकवले आणि तिथेच त्यांचा हात थांबला. पत्रातले एकही वाक्य खोटे नव्हते. तरी यंत्राला दोष देऊन त्यात एक माणूस अलगद सुटत होता. दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी या यंत्राबद्दल कोणालाच काही ठाऊक नव्हते, हे खरे. पण ‘मलाही वेगळे दिसले’ एवढे म्हणायला यंत्र ठाऊक असण्याची गरज नव्हती. तेवढ्याने दस्तगीर एकटा पडला नसता. मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, “आजोबा, टाकताय का? मला टाकायचंय.”

“तुम्ही टाका,” असे म्हणून हेर्लेकर पाकीट घेऊन परत फिरले.

घरी येऊन ते थेट स्वयंपाकघरात गेले. बरणीतला खड्याच्या मिठाचा एक मोठा खडा घेतला, डोळे मिटले आणि जिभेवर ठेवला. थुंकून टाकावेसे वाटले. त्यांनी तोंड मिटून घेतले. खडा विरघळून गेल्यावरही चव बराच वेळ रेंगाळत राहिली.

मग त्यांनी कपाटातला करडा कोट काढला, आतल्या खिशातून दस्तगीरचे पत्र काढून टेबलावर पसरले. घड्यांवर कागद विरला होता. खालची चार बोटे जागा अजून कोरी होती. आयुष्यभर ज्या लाल शाईने दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या, तिनेच त्यांनी तिथे लिहिले:

‘होय.

नागीने खडा जिभेवर ठेवला. तुम्ही पाहिलेत ते झाले होते. मी समुद्रात म्हणालो ते खोटे. माझ्या नागीने खडा खिशात टाकला आणि बटण लावले. मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटला नाही, म्हणून मी दुसऱ्यांचे ऐकून तुमचे डोळे चुकीचे ठरवले. नोंद दोनशे चौदा, चूक माझी: यशवंत हेर्लेकर.’

जागा संपली. त्यांनी कागद उलटला आणि पाठीमागे लिहिले:

‘दस्तगीर, तुम्ही विचारले होते, खडा विरघळल्यावर ते पाणी खारट होते का नाही. मी आज चाखून पाहिले. होते. तुमच्या डोक्याला काही झालेले नाही. पडदा लावा आणि शबानाला शेजारी बसवून बघा, म्हणजे तुम्हाला दिसते तेच तिलाही दिसते की नाही ते कळेल. त्यानंतर मागावर जायचे की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या उत्तरासाठी थांबून राहू नका, मी त्या लायकीचा नाही. पण मला लिहाल तर या वेळी त्याच दिवशी उत्तर देईन.’

पत्र पुन्हा एकदा वाचून पाहावे, एखादी चूक राहिली असेल, असे त्यांच्या मनात आले. चष्मा नाकावर होताच. त्यांनी तो काढून खाली ठेवला, कागद नव्या पाकिटात घातला, वर मालेगावचा पत्ता लिहिला आणि उकाडा असूनही करडा कोट अंगात चढवला.

चौकात पेटीजवळ कोणी नव्हते. पाकीट आत पडल्याचा बारीकसा आवाज आला. हेर्लेकरांनी सवयीने छातीवर हात दाबून पाहिला. काही करकरले नाही.